मधल्या वर्षांतली बाई

लातूरच्या ज्या कॉलेजात विजया मुखेडकर रसायनशास्त्र शिकवायच्या, तिथली जुनी मुलं नव्या मुलांना पहिल्याच दिवशी बजावायची, "मॅडमच्या प्रॅक्टिकलला थाप मारू नका रे, त्यांचं नाक लई बेकार आहे." कुणी परीक्षानळीत क्षार तापवला की त्या लांबच्या टेबलावरून म्हणायच्या, "अमोनियम आहे ते. पुस्तक काय चाळून राहिलास?" एखादा पोरगा गुटखा खाऊन आला तर त्याला दारातच थांबवायच्या, "जा, चूळ भरून ये. अन् खिशातली दुसरी पुडी बाहेर ठेवून ये."

ते नाक मी पाहिलं नाही. मी लग्न होऊन लातूरला आले तेव्हा भूकंपाला काही वर्षं होऊन गेली होती. विजयाताईंनी कॉलेज सोडलं होतं आणि त्या एका मोठ्या कोचिंग क्लासमध्ये शिकवत होत्या. त्याच क्लासमध्ये मला गणित शिकवायचं काम मिळालं, आणि राहायला जागा मिळाली ती नेमकी त्यांच्या समोरच्या दाराची. त्या माझ्याहून बऱ्याच मोठ्या. मी त्यांना क्लासात मॅडम म्हणायचे, जिन्यात ताई.

उंच, सडसडीत बाई. सुती साडी, अंबाड्यात अडकवलेला खडूचा तुकडा आणि तो तिथं आहे हे विसरून दुसऱ्या खडूची शोधाशोध. मूळच्या नांदेडच्या. आई नांदेडला थोरल्या भावाकडे, मधुकररावांकडे असायची. ताईंनी लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलं तर सांगायच्या, "मी निष्क्रिय वायू आहे. कुणाशी संयोग होत न्हाई." आणि आपणच खळखळून हसायच्या. सोडियम त्यांच्या लेखी नवा जावई होता, पाणी दिसलं की पेटणारा. क्लोरीन म्हणजे एका इलेक्ट्रॉनसाठी दारोदार फिरणारी मावशी. मुलं हसता हसता आवर्तसारणी पाठ करायची.

ते दिवस लातुरात पोरांचे होते. नायगाव, भोकर, निलंगा, कुठून कुठून मुलं यायची आणि लोकांच्या गच्चीवरच्या खोल्यांत चार-चार मिळून राहायची. सकाळी गल्लीत सायकलींची रांग लागायची, दुपारी मेसच्या डब्यांची. चौकाचौकांत गुणवंतांच्या फोटोंचे फलक. आमच्या क्लासचे मालक, ज्यांना आम्ही सगळेच मोठे सर म्हणायचो, त्यांनी मुलांच्या मार्कांप्रमाणे तुकड्या पाडल्या. वरच्या तुकडीला मुखेडकर मॅडम, शेवटच्या तुकडीला नवशिके शिक्षक. विजयाताई सरळ त्यांच्या खोलीत गेल्या. मी तिथंच बसले होते.

"सर, वरची पोरं माझ्याशिवायही पास होतील," त्या म्हणाल्या. "मला खालची तुकडी द्या. दोन्ही द्या. न्हाईतर एकही नको."

"मॅडम, पालक काय म्हणतील?"

"पालकांना मी सांगते ना. त्यांची फिकीर तुम्ही नका करू."

मोठ्या सरांनी हात जोडले आणि दोन्ही तुकड्या दिल्या. शेवटच्या तुकडीतली मुलं त्यांच्या तासाला खिडकीपर्यंत दाटीवाटीनं बसायची. मी ओळखायला लागले त्या विजयाताई या अशा होत्या.

भूकंपाची हकिकत मला त्यांनी नाही, इतरांनी सांगितली. किल्लारीच्या बाजूची गावं पडली तेव्हा कॉलेजातून शिक्षकांचा एक गट तिकडे गेला. पाऊस लागला होता. ढिगाऱ्याखालून माणसं काढायचं काम चालू होतं, आणि वास असा की धडधाकट माणसं तोंडाला ओला रुमाल बांधूनही बाजूला जाऊन ओकत होती. बायकांच्या प्रेतांना हात लावायला बाई हवी होती. विजयाताई पुढे झाल्या. तोंडाला काही न बांधता त्या बसल्या, माती पुसली, अंगावर धड लुगडं नव्हतं तिथं ते नेसवलं, आणि मगच चितेकडे नेऊ दिलं. दिवसभर हेच. संध्याकाळी कुणीतरी चहा दिला तर तिथंच बसून प्यायल्या. लष्कराचा एक जवान म्हणे त्यांच्याकडे बघतच राहिला.

कॉलेजनं नंतर त्यांचा सत्कार केला. "बाईचं काळीज वाघाचं आहे," असं लोक म्हणत. पाठीमागं काही जण दगडाचंही म्हणत.

बदल कधी सुरू झाला ते कुणालाच नेमकं सांगता येणार नाही, कारण तो फार सावकाश झाला. आधी विनोद गेले. मग अंबाड्यातला खडू गेला, कारण अंबाडाच गेला. केस कसेतरी मागे बांधलेले असायचे. त्या एकच साडी लागोपाठ नेसू लागल्या. दारात उभं राहून तासभर गप्पा मारणारी बाई "बरं" म्हणून दार लोटून घ्यायला लागली. एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नात अक्षता पडायच्या आधीच त्या पंगतीत जाऊन बसल्या, जेवल्या आणि कुणाशी न बोलता घरी गेल्या. डोकं दुखतं असं मधूनमधून म्हणायच्या. लोक म्हणायचे, वय झालं, एकटी बाई, तऱ्हेवाईक झाली.

क्लासमधून एके दिवशी दुपारी त्यांना फोनवर बोलावलं. नांदेडहून मधुकररावांचा फोन होता. आई गेली. त्यांनी रिसीव्हर ठेवला, येऊन खुर्चीत बसल्या आणि मला म्हणाल्या, "आई गेली म्हणतो दादा." जसं काही आज दूधवाला आला नाही. मी त्यांच्यासोबत नांदेडला निघाले. एसटीत अहमदपूरला पेरूवाली खिडकीशी आली. त्यांनी पेरू घेतला, तिखटमीठ लावून घेतला आणि लोह्यापर्यंत चवीनं खाल्ला. मला वाटलं, माणूस धक्क्यानं असं वागतो.

घरात रडारड चालली होती. आईला अंगणात ठेवलं होतं. विजयाताईंनी एकदा वाकून पाहिलं, आत गेल्या आणि खुर्चीत बसल्या. आईला घेऊन माणसं गेली, परत आली. मधुकरराव ओलेत्यानं दारात उभे असतानाच त्या आतून म्हणाल्या, "वहिनी, पोहे आहेत का? अन् टीव्ही लावला तर चालेल का?"

मधुकरराव सरळ, कमी बोलणारे गृहस्थ, बँकेत अधिकारी. त्यांनी बहिणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"घेऊन जा हिला," ते म्हणाले. "ही माझी बहीण न्हाई."

त्यानंतर नांदेडहून फोन येणं बंद झालं. विजयाताईंनीही कधी केला नाही. त्यांना त्याचं काही वाटतंय असं दिसलं नाही, आणि मला सगळ्यात भीती वाटली ती त्याची.

क्लासमध्येही तेच झालं. एकदा त्यांनी फळ्यावर धड्याचं नाव लिहिलं आणि फळ्याकडेच तोंड करून उभ्या राहिल्या. मुलांना वाटलं काहीतरी गंमत करणार. तास संपेपर्यंत त्या तशाच होत्या. पालक मोठ्या सरांकडे गेले. ताईंकडून आधी वरची तुकडी गेली, मग खालची. "मॅडम, काही दिवस आराम करा," मोठे सर म्हणाले. त्याच खोलीत, त्याच खुर्चीत बसून विजयाताई म्हणाल्या, "बरं." आणि पर्स उचलून घरी आल्या.

एका संध्याकाळी मी बाजारातून आले तर जिन्यातच गॅसचा उग्र वास. त्यांच्या दाराला आतून कडी लावलेली नव्हती. मी आत धावले. शेगडीचं बटण पूर्ण उघडं होतं, आणि विजयाताई देवापुढे निरांजन घेऊन बसल्या होत्या. हातात काडेपेटी. काडी बाहेर काढलेली.

मी त्यांचा हातच धरला. काडेपेटी हिसकावून खिडकीबाहेर फेकली, बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या.

"ताई, वास न्हाई आला तुम्हाला?"

"कसला?"

"गॅसचा! सगळा जिना भरलाय."

"मला येत न्हाई वास," त्या शांतपणे म्हणाल्या. "लई वर्षं झाली. भूकंपाच्या आधीपासूनच."

"मग कुणाला सांगितलं का न्हाई?"

"लॅबमध्ये जन्म गेला. नाक जळलं असेल म्हटलं. अन् केमिस्ट्रीच्या बाईला वास येत न्हाई, हे कुणाला सांगू?" मग म्हणाल्या, "मी पोरांनाच विचारायचे. तू सांग, कसला वास येतोय? त्यांना वाटायचं, बाई परीक्षा घेऊन राहिली."

दुसऱ्या दिवशी मी आणि माझे यजमान त्यांना जवळजवळ ओढतच कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. त्यांनी डोळे मिटायला सांगितले आणि नाकाखाली एकेक वस्तू धरली. कॉफी, साबण, शेवटी हिंग. विजयाताई मान हलवत राहिल्या. डॉक्टरांनी दिव्यानं नाक तपासलं, पुन्हा तपासलं.

"नाक एकदम साफ आहे," ते म्हणाले. "दोष नाकात न्हाई. नाकाच्या वर आहे. डोक्याचा स्कॅन करून घ्या, आजच."

स्कॅनची फिल्म त्यांनी खिडकीच्या उजेडात धरली तेव्हा आम्हाला सांगावं लागलं नाही. कपाळाच्या मागे, दोन्ही डोळ्यांच्या मधोमध, मोसंबीएवढा पांढरा गोळा होता. मेंदू दोन्ही बाजूंना दाबून मागे सारलेला.

"याला मेनिंजिओमा म्हणतात. ही मेंदूची गाठ न्हाई, मेंदूवर जे आवरण असतं त्यातून उठलेली आहे," डॉक्टर म्हणाले. "बहुतेक वेळा कॅन्सर नसतो. सावकाश वाढते. ही दहा वर्षं तरी असेल. वास वाहून नेणाऱ्या नसा आधी दाबल्या गेल्या, मग मेंदूचा पुढचा भाग. माणसाचा स्वभाव, उमेद, लाजलज्जा सगळं तिथं असतं. यांच्या वागण्यात काही फरक पडला होता का?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. विजयाताई फिल्मकडे पाहत होत्या. "चहा प्यायचा का?" त्यांनी मला विचारलं.

ऑपरेशन हैदराबादला करायचं ठरलं. सही करायला रक्ताचं माणूस हवं होतं, म्हणून मी मधुकररावांना फोन केला. ते एवढंच म्हणाले, "कधी निघायचं?"

सर्जन वयस्कर होते, शांत. दख्खनी बोलायचे. "कॅन्सर नहीं दिखता. पर जगह खराब है," त्यांनी मधुकररावांना समजावलं. डाव्या डोळ्याची नस सुकत चालली होती, तो डोळा परत येईल असं धरून चालू नका म्हणाले. वास तर येणार नाहीच. गाठ शक्य तेवढी काढू, पण खाली हाडाला आणि मोठ्या रक्तवाहिनीला चिकटलेला तुकडा ओढला तर जीव जाईल, तो ठेवावा लागेल. पुढे फिट येऊ शकते, गोळ्या चालू राहतील. दरवर्षी तपासणी. "और दिमाग? वो कितना वापस आएगा, मैं नहीं बोल सकता."

केस काढले तेव्हा विजयाताई आरशात पाहून काही बोलल्या नाहीत. जेवण कधी येणार एवढंच विचारलं. मधुकरराव बाहेर येऊन मला म्हणाले, "बघा. अजून तशीच आहे. तुम्ही म्हणता गाठ. मी म्हणतो, माणसाला आईचं काही वाटायला डोकं लागतं का?"

सकाळी आत नेलेलं माणूस अंधार पडता पडता बाहेर आलं. पहिले काही दिवस त्या नुसत्या झोपून असायच्या, चेहरा सुजून डोळे मिटलेले, मधेच नर्सला विद्यार्थिनी समजून आवर्तसारणी विचारायच्या. तपासणीचा निकाल आला, गाठ साधी होती. मधुकररावांनी डोळे मिटून हात जोडले.

मग एका दुपारी मी बाजूला बसून मोसंबी सोलत होते. विजयाताईंनी डोळे उघडले आणि माझा हात धरला. पकड घट्ट होती.

"सुषमा, आई गेली ना गं."

मला वाटलं, भ्रम झालाय. "हो ताई. त्याला दोन वर्षं झाली."

"मला माहीत आहे. मी होते की तिथं. पेरू खाल्ला मी." त्या मोसंबीकडे बघत म्हणाल्या, "पण माझ्यासाठी आज गेली गं."

आणि त्या रडायला लागल्या. लहान मूल रडतं तसं, आवाज करून. मी बाहेर धावले. मधुकरराव बाकावर बसले होते. मी म्हटलं, "दादा, त्या आईसाठी रडून राहिल्यात. आत चला."

ते उठले नाहीत. "आता?" ते म्हणाले. "मी त्या दिवशी एकटा होतो, मॅडम. माझ्या बाजूला उभं राहायला माझी एकच बहीण होती. डॉक्टर सांगतात ते मला कळतं. हिशेबात सगळं बसतं. पण तो दिवस कसा परत आणू?"

तरीही ते आत आले. पलंगाच्या पायथ्याशी उभे राहिले. विजयाताईंनी त्यांच्याकडे हात पुढे केला. ते जवळ आले, पण हात हातात न घेता चादर नीट केली आणि म्हणाले, "रडू नको. टाके उसवतील."

त्या दोघांत पुढे जे काही उरलं ते एवढंच.

लातूरला परत आल्यावर विजयाताई झपाट्यानं विजयाताई झाल्या. डोक्याला रुमाल बांधून त्यांनी सगळं स्वयंपाकघर घासून काढलं. "अगं, या घरात माणूस राहत होतं का गाढव?" डब्यांत किडे, नळाला गंज, देवांवर धूळ. हसल्याही. मग एकेकाकडे जाऊ लागल्या. ज्यांच्या मुलीच्या लग्नात त्या अक्षतांआधी जेवल्या होत्या, त्यांच्याकडे साडी घेऊन गेल्या आणि माफी मागितली. लोकांनी चहा दिला, "असं कसं, असं कसं" म्हणाले. पण बोलताना त्यांची नजर ताईंच्या कपाळावरच्या खळग्याकडे जायची. ताई निघाल्या की आतून कुजबुज. डोक्याचं ऑपरेशन झालेली बाई. कधी काय करील सांगता येत न्हाई. आमच्या बिल्डिंगमधली एक बाई तर आपल्या मुलांना त्यांच्या दारापुढून जाऊ देईना.

मोठ्या सरांकडे त्या गेल्या तेव्हा मला सोबत घेऊन गेल्या. नवी कोरी साडी नेसल्या होत्या. सरांनी उभं राहून नमस्कार केला, खुर्ची दिली.

"मला परत घ्या," ताई म्हणाल्या. "वरची तुकडी नको. शेवटची द्या. वाटलं तर आधी माझा तास ऐका."

"मॅडम, तुमच्याबद्दल आदरच आहे. पण वर्गात फिट आली तर? दोनशे पोरं असतात. पालक..." सर भिंतीकडे बघत म्हणाले, "तुमचा फोटो आपण हॉलमध्ये लावू."

ताईंनी वाद घातला नाही. पण या वेळचं ते गप्प बसणं मागच्या "बरं"सारखं नव्हतं. रस्त्यावर आल्यावर त्या एका गुणवंतांच्या फलकाखाली थांबल्या. वरची दोन-तीन मुलं त्यांनी शिकवलेली होती. म्हणाल्या, "एक सांगू का, सुषमा? गाठ होती तेव्हाही मी एकटीच होते. पण ते मला कळत नव्हतं. लई सुखात होते गं मी. आता कळून राहिलंय."

मी म्हटलं, "असं नका बोलू ताई."

"का? खरंच आहे. अन् दुसरं एक. मला रात्रंदिवस वाटतं, ती मधली बाई कोण होती? तिनं पोहे मागितले, तिनं दादाला तोडलं, नोकरी घालवली. अन् निस्तरायला मी. बरं, वाईट ते गाठीचं म्हणावं, तर मग भूकंपातलं पण गाठीचंच की. मला वासच येत नव्हता. सत्कार केला लोकांनी. गाठीचा केला."

पुढे कधीतरी भूकंपाच्या स्मरणाच्या कार्यक्रमाला कॉलेजनं त्यांना बोलावलं. त्या नाही म्हणत होत्या, मीच आग्रह केला. तिथं पुनर्वसनातल्या गावाहून आलेली एक मध्यमवयीन बाई त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली.

"तुमी माज्या मायला लुगडं नेसवलं व्हतं," ती म्हणाली. "मला जवळ येवू देत नव्हते. मी लांबून बगितलं."

ताई तिच्याकडे बघत राहिल्या. "बाई, मला तेव्हा नाकच नव्हतं गं," त्या म्हणाल्या. "माझ्या डोक्यात गाठ होती. मला काही त्रास झाला न्हाई. माझं त्यात काही न्हाई."

त्या बाईला यातलं काही समजलं की नाही कोण जाणे. ती म्हणाली, "डोळे तर व्हते न्हवं," आणि पाया पडून गेली. परत येताना मी ताईंना विचारलं, पटलं का. "न्हाई," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं, "पण काठ हिरवा होता त्या लुगड्याचा. ते आठवतंय मला."

नंतर त्यांनी लातूर सोडलं. नांदेडला दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. भावाच्या घरी का नाही, असं मी विचारलं नाही. वहिनींना फिटची भीती वाटते, असं त्यांनीच सांगितलं. मधुकरराव महिन्याला येऊन गोळ्या देऊन जायचे, चहा घ्यायचे, आईचा विषय निघाला की उठायचे. चार-पाच मुली घरी शिकायला यायच्या. त्यांचं काम ठरलेलं असे. आली की एकीनं दूध हुंगून बघायचं, दुसरीनं शेगडीपाशी जाऊन यायचं. "तुमच्या नाकावर चाललंय माझं," ताई म्हणायच्या. मुली हसायच्या. अकरावी-बारावी झाली की त्या मुली जायच्या, दुसऱ्या यायच्या.

दरवर्षी त्या एकट्या एसटीनं हैदराबादला जाऊन तपासणी करून यायच्या. मी फोन केला की सांगायच्या, "आहे तेवढाच आहे तुकडा. बसलाय गप." बरीच वर्षं तो गप बसला. मग एके वर्षी त्यांचा आवाज वेगळा लागला. तुकडा वाढू लागला होता. पुन्हा डोकं उघडण्यात धोका जास्त, म्हणून किरणांचे उपचार द्यायचं ठरलं. मी यायला निघाले तर म्हणाल्या, "नको. पोरांच्या परीक्षा आहेत तुझ्या. नुसतं पडून राहायचं असतं, दुखत न्हाई." तिथं त्या हॉस्पिटलशेजारच्या धर्मशाळेत एकट्या राहिल्या. चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा बसवून टेबलाला घट्ट करतात. पहिल्यांदा घाबरायला झालं, मग त्या मनात आवर्तसारणी म्हणायला लागल्या, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. "मूलद्रव्यं संपायच्या आत संपतं. बरं असतं. कुणीतरी डोक्याला हात लावतं तेवढंच."

त्यानंतर मी नांदेडला गेले ते एका लग्नासाठी. कार्यालयातून निसटून त्यांच्याकडे गेले. त्या थकल्या होत्या. डावा डोळा पूर्ण गेला होता, उजव्याला जाड भिंग. केस पांढरे, नीट अंबाड्यात बांधलेले. पिठलं-भाकरी केली होती, मिठाचा अंदाज चुकला होता, तो मी सांगितला नाही. खूप बोलल्या. मोठे सर कसे आहेत विचारलं, मग मी सांगायच्या आत म्हणाल्या, "जाऊ दे." तुकडा वाढायचा थांबलाय म्हणे. "किती दिवस ते डॉक्टरही सांगत न्हाईत, मीही विचारत न्हाई. पण सुषमा, जोपर्यंत आहे ना, तोपर्यंत मीच असू दे. बाकी काही मागणं न्हाई. पुन्हा तसं काही दिसलं तुला, माझ्या बोलण्यात, तर फोनवरच सांग. लाजू नको."

"सांगीन," मी म्हटलं.

मला पोचवायला त्या बसस्टँडवर आल्या. नको नको म्हणत असताना आल्या. लातूर गाडीला गर्दी होती. मी कशीबशी आत शिरले आणि पलीकडच्या बाजूची खिडकी मिळाली. वाकून पाहिलं तर ताई फलाटावर उभ्या, काठी टेकून, गाड्यांच्या पाट्या शोधत होत्या. शेजारी भोकरची गाडी लागली होती. त्या तिच्यापाशी गेल्या, एका खिडकीखाली थांबल्या आणि मान वर करून, माझ्याशी बोलावं तसं बोलू लागल्या. काय बोलल्या ते इंजिनांच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. त्या खिडकीत एक तरुण बाई मांडीवर मूल घेऊन बसली होती. ती आधी गोंधळली.

मी "ताई! ताई!" म्हणून हाका मारल्या. माझी गाडी हलली होती. कंडक्टरनं घंटी मारली.

ताईंनी काठी काखेत धरून हात वर केला आणि त्या खिडकीकडे पाहत हलवू लागल्या. चेहरा हसरा होता. ती बाई क्षणभर पाहत राहिली, मग तिनं बाळाचा हात धरून तोही हलवला. माझी गाडी फाटकातून वळेपर्यंत ताई हात हलवत होत्या, आणि भोकरच्या गाडीतली ती अनोळखी बाईही.